हिरव्या डब्याचा बुधवार

दूध काढून फ्रिजचं दार मिटताना थेल्मा हार्ग्रीव्हची नजर दारावर चुंबकाने अडकवलेल्या कॅलेंडरवर गेली. बुधवार, सप्टेंबरची अठरा. चौकोनात तिच्याच बारीक, उभ्या अक्षरांत लिहिलं होतं : हिरवा. तिने दुधाची बाटली ओट्यावर ठेवली आणि समोरच्या खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. तिच्या फाटकाबाहेर काळा डबा उभा होता. शेजारी डेस्मंडच्या फाटकाबाहेर काळा. समोर कर्स्टीच्या फाटकाबाहेर काळा. उतरत जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना, पार वळणापर्यंत, चौदा घरांचे चौदा काळे डबे प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारखे ओळीत उभे होते. हिरवा एकही नव्हता.

एका बुधवारी काळा, म्हणजे घरातला सगळा कचरा. पुढच्या बुधवारी हिरवा, म्हणजे कागद, पत्र्याचे डबे, प्लास्टिक. एवढं साधं वेळापत्रक, पण हॉथॉर्न रस्त्यावर ते कुणाच्याच डोक्यात राहत नसे, कारण राहायची गरजच नव्हती. मंगळवारी संध्याकाळी सहाच्या बातम्या संपल्या की थेल्मा आपला डबा बाहेर काढायची. चाकांचा खडखडाट ऐकून बाकीची तेरा घरं पडदा बोटभर सरकवून रंग बघायची आणि आपापला डबा काढायची. पालिकेने मध्ये घरोघर पत्रकं वाटली होती; ती लोकांनी न वाचता हिरव्या डब्यात टाकली. थेल्माचा नवरा गॉर्डन होता तेव्हा म्हणायचा, "उद्या तू बाथटब बाहेर ठेवलास ना, तर आठ वाजेपर्यंत या रस्त्यावर चौदा बाथटब दिसतील." तो बस चालवायचा, आणि आपल्यामागे माणसं मुकाट येतात याचं त्याला कौतुक होतं. तिला कौतुक नव्हतं, पण बरं वाटायचं. एकतीस वर्षं तिने शाळेच्या प्रयोगशाळेत द्रावणं तयार केली होती. प्रत्येक बाटलीवर नाव, तीव्रता, तारीख आणि खाली तिची आद्याक्षरं. बाटलीवर ती आद्याक्षरं असली की रसायनशास्त्राचे शिक्षक पुन्हा तपासत नसत. निवृत्त झाल्यावर माणसाकडे विश्वासाने बघण्यासारखं काही उरत नाही असं तिच्या मैत्रिणी म्हणायच्या. तिला मात्र दर मंगळवारी पडद्यामागून तेरा घरं बघत होती.

चहा चार मिनिटं मुरायला हवा. तिने घड्याळ लावलं, आणि ते वाजेपर्यंत ओट्याला हात टेकून ती उभी राहिली. कॅलेंडर चुकीचं असू शकतं, तिने स्वतःला सांगितलं. जानेवारीत पत्रकावरून उतरवताना एखादी ओळ खाली-वर झाली असेल. पण मग गेल्या बुधवारी काळा गेला होता, तो रिकामा डबा तिने स्वतः आत आणला होता. झाकणाच्या कडेला चिकटलेली चहाची ओली पिशवी तिने काठीने काढली होती. त्या पिशवीचा ओलसर तपकिरी डागही तिला आठवत होता. गेल्या आठवड्यात काळा, म्हणजे या आठवड्यात हिरवा. यात कॅलेंडरचा काही संबंध नव्हता. काल संध्याकाळी सहा वाजता परसातल्या दोन डब्यांपुढे उभं राहून तिने काळ्याचा दांडा धरला होता, आणि तो धरताना मनात जराही शंका नव्हती.

ॲलिसनला सांगावं लागणार. ॲलिसन तिची एकुलती एक मुलगी, ब्रिस्टलला असते, आणि दर रविवारी अकरा वाजता फोन करते. गेल्या वर्षभरात त्या फोनमध्ये एक सदनिका येऊन बसली होती : म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतीत, एक खोली आणि छोटं स्वयंपाकघर, प्रत्येक भिंतीला ओढायची लाल दोरी, आणि दोरी ओढली की धावत येणारी व्यवस्थापक बाई. "आई, तिथे बागसुद्धा आहे गं," ॲलिसन म्हणायची, जणू थेल्माच्या परसात वाळवंट होतं. शेवटी फेब्रुवारीत थेल्माने तिच्याशी करार केला. "हे बघ, माझं डोकं चालेनासं झालं की मी स्वतः तुला सांगेन. मी आजवर एकही नोंद खोटी केलेली नाही. तोवर तू हा विषय काढायचा नाहीस." ॲलिसनने मान्य केलं. तिने खरोखरच पुन्हा विषय काढला नाही. हा करार मोडणं कुणालाही सोपं गेलं असतं, कारण एका डब्याचा रंग म्हणजे काय मोठंसं; पण थेल्माने आयुष्यभर मुलांना हेच सांगितलं होतं की मनाजोगा न आलेला आकडा वहीतून खोडायचा नसतो. आणि शिवाय तिची स्वतःची आई होती. आईने पंचाहत्तराव्या वर्षी पत्रांबरोबर आपला चष्माही कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकला होता, आणि मग पेटी उघडायला येणाऱ्या टपालवाल्याची वाट बघत पावसात दीड तास उभी राहिली होती. घरी आल्यावर हसत होती. सगळेच हसले. थेल्मा तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती, तीही हसली होती. त्या हसण्यानंतर चार वर्षांनी आई तिला "ताई" म्हणून हाक मारायला लागली.

घड्याळ वाजलं. तिने पिशवी पिळून काढली, दूध घातलं. चहा नेहमीसारखा झाला होता, आणि याचा तिला राग आला. जीभ, नाक, हात सगळं बिनचूक काम करत होतं. शब्दकोडं ती अजून पेनाने सोडवायची. तरणतलावात मंगळवारच्या संथ रांगेत चाळीस फेऱ्या मोजायची, आणि उलट्या दिशेने पोहणाऱ्या त्या टक्कल पडलेल्या माणसाला दर आठवड्याला त्याच शब्दांत सुनावायची. साडेनऊनंतर ज्येष्ठांचा बसचा पास चालतो म्हणून ती नऊ पस्तीसची बस पकडायची, आणि बस उशिरा आली की थांब्यावरच्या अनोळखी बाईकडे बघून फक्त भुवया उंचवायची; ती बाईसुद्धा उंचवायची, आणि तेवढ्यात दोघींचं पोटभर बोलणं व्हायचं. खरं तर तक्रारी हेच तिच्या दिवसाचं मीठ होतं. दवाखान्याच्या फोनवर वाजणारी ती बासरी. दुकानातलं ते यंत्र, जे वस्तू पिशवीत ठेवली तरी म्हणतं ठेवली नाही. बिस्किटांच्या पुड्यातून गुपचूप कमी झालेली दोन बिस्किटं, जी तिने मोजली होती आणि कंपनीला पत्र लिहून कळवली होती. आणि यंदाची सगळ्यात लाडकी तक्रार, पालिकेची : कचऱ्याची गाडी मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा हॉथॉर्न रस्ता वगळून गेली. डबे भरलेलेच राहिले. तिने फोन केला होता.

कप अर्ध्यावर असताना तिला तो फोन पूर्णच आठवला. पालिकेतली मुलगी नम्रपणे म्हणाली होती, "मॅडम, आमच्या नोंदीप्रमाणे आज तुमच्याकडे हिरवा होता." आणि थेल्मा तितक्याच नम्रपणे म्हणाली होती, "मग तुमची नोंद चुकली आहे, बाळ. चौदा घरांनी काळा ठेवलाय. चौदाच्या चौदा घरं कशी चुकतील?" फोन ठेवल्यावर तिने स्वतःसाठी एक बिस्कीट जास्त घेतलं होतं. त्या संध्याकाळी कुंपणापलीकडून डेस्मंडला सगळं सांगितलं, तेव्हा तो मान हलवत म्हणाला होता, "पालिकेचं काय सांगायचं, थेल्मा." जुलैत तिने पुन्हा फोन केला, तीच मुलगी, तेच बोलणं. डेस्मंडनेही तेच वाक्य म्हटलं होतं. पण त्या वेळी तो तिच्याकडे न बघता टोमॅटोच्या रोपाला दोरी बांधत होता.

साडेसातला गाडी आली. घंटा वाजवत मागे मागे येताना ती नेहमी रस्ता हादरवायची. आज ती उतारावरून नुसती हळूहळू गेली. पिवळ्या जाकिटातला एक माणूस मागच्या पायरीवर उभा होता. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, काळ्या डब्यांच्या त्या दोन ओळी, आणि सैनिकांची मानवंदना स्वीकारावी तसा हात कपाळाला लावला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. थेल्माने कप विसळला, कोट चढवला आणि बाहेर आली. माफी मागायला हवी होती. चौदा घरांचा दोन आठवड्यांचा पुठ्ठा आणि पत्रा आता आणखी दोन आठवडे घरात राहणार होता, तिच्यामुळे.

डेस्मंड आपल्या पायरीवर बसून बूट घालत होता. तोही तिच्यासारखाच चौऱ्याहत्तरचा, बस दुरुस्तीच्या आगारातून निवृत्त झालेला. गॉर्डनच्या बसची चाकं त्याने वीस वर्षं काढली आणि बसवली होती.

"डेस्मंड, माझं चुकलं. आज हिरवा होता."

"छे छे. चूक माझी. मी बघायला हवं होतं."

"तू काय बघणार? तू माझा डबा बघतोस."

"तोच तर माझा आळस."

समोरून कर्स्टी रुग्णालयाच्या गणवेशातच धावत आली आणि आपला डबा आत ओढायला लागली. "सॉरी हं, मिसेस हार्ग्रीव्ह! मीच घाईत चुकीचा काढला."

"तू कशाला सॉरी म्हणतेस? मी चुकले."

"नाही नाही, मी. सॉरी." आणि ती लालबुंद होऊन फाटकाआड गेली. या रस्त्यावर कुणी तुमच्या पायावर पाय दिला तरी सॉरी तुम्हीच म्हणायचं असतं, त्यामुळे थेल्माला यात काही वावगं वाटलं नसतं. पण कर्स्टीचं फाटक उघडं राहिलं होतं, आणि त्यातून तिला कर्स्टीचा हिरवा डबा दिसला. तो मागच्या अंगणात नव्हता. फाटकाला अगदी लागून उभा होता, झाकण न बसण्याइतका भरलेला, दांडा रस्त्याकडे केलेला. डबा बाहेर न्यायचा असतो तेव्हा माणूस दांडा रस्त्याकडे करत नाही, घराकडे करतो. दांडा रस्त्याकडे होतो तो डबा बाहेरून परत आत ढकलला की. थेल्माने वळून डेस्मंडच्या फाटकाआड बघितलं. तिथेही तसाच.

"हा तुझा हिरवा इथे काय करतोय?"

"हवा खातोय," डेस्मंड म्हणाला.

तिने त्याच्या काळ्या डब्याला हात लावला आणि दोन बोटांनी तो कलवला. त्यात बटाट्याच्या सालींची एक पिशवी असावी, फार तर दोन. मग ती उतारावरून खाली चालायला लागली. चालताना घाई केली नाही, निरीक्षण करताना घाई करायची नसते. प्रत्येक फाटकापाशी थांबली, आत बघितलं आणि पुढे गेली. पाचव्या घरी हिरवा फाटकाला टेकलेला. सातव्या घरी तसाच, वर पावाच्या पुठ्ठ्यांची चवड. नवव्या घरी पडदा हलला. वळणापर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने ती परत वर आली, तेव्हा तिचा श्वास लागला होता आणि आकडा अकरा झाला होता. तेरापैकी अकरा. उरलेल्या दोघांची फाटकं बंद होती.

"कितव्यांदा?" तिने विचारलं.

"बाई, सकाळी सकाळी गणित नको."

"कितव्यांदा, डेस्मंड?"

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. "तिसऱ्यांदा. मेमध्ये आम्ही खरंच फसलो. तू म्हणालीस पालिकेने चुकवलं, आम्हीही म्हटलं हो. मग मी पालिकेकडून ते पत्रक पुन्हा आणलं. कर्स्टीनेही आणलं असणार. आता सगळ्यांच्या फ्रिजवर आहे."

"आणि जुलैत?"

"जुलैत मी हिरवा घेऊन बाहेर आलो तर तुझा काळा. म्हटलं, आता हिला सांगायचं कसं? तेवढ्यात समोरून कर्स्टी हिरवा ढकलत आली. तुझ्या डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मुकाट मागे फिरली, काळा घेऊन आली. मग मी एकटाच शहाणा होऊन काय करू? सकाळी तेरा हिरवे आणि तुझा एकटीचा काळा, असं दिसायला नको, एवढंच."

"तुम्ही ठरवलंत हे?"

"ठरवायचं काय त्यात? कुणी एक शब्द बोललेलं नाही."

"आणि हिरव्यातलं सामान?"

"दुसऱ्या दिवशी मी गाडीत घालून पालिकेच्या कचरा केंद्रावर टाकून येतो. दोन फेऱ्या होतात." तो जरा थांबून म्हणाला, "तीन."

थेल्मा त्याच्या कुंपणाच्या भिंतीवर बसली. वीट गार होती. तिला पहिल्यांदा जे वाटलं ते प्रेम होतं, इतकं सरळ आणि इतकं अचानक, की तिला डोळे मिटून घ्यावे लागले : तेरा घरांत तेरा माणसं पडद्याआड उभी राहून, एकमेकांना न विचारता, तिच्यासाठी चुकीचा डबा काढत होती. आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. दर सप्टेंबरात, शाळा सुरू व्हायच्या आधी, ती सगळे तापमापक एकाच भांड्यातल्या कोमट पाण्यात उभे करायची. तीस तापमापक, त्यांतले एकोणतीस म्हणायचे चाळीस, एक म्हणायचा त्रेचाळीस. त्याला काढून टाकायचं. त्यात त्या तापमापकाचा अपमान नव्हता. त्याला स्वतःला तर काहीच कळायचा मार्ग नव्हता, बाकीचे होते म्हणून कळत होतं. पण बाकीच्या एकोणतिसांनी त्याच्याकडे बघून सभ्यपणे त्रेचाळीस दाखवायला सुरुवात केली तर? मे महिन्यापासून ती अशा पाण्यात उभी होती. तिने पालिकेच्या मुलीला चौदा घरांचा पुरावा दिला होता, आणि जुलैत तो पुरावा तिच्या शेजाऱ्यांनी मायेने तिच्या हातात तयार करून दिला होता. ॲलिसनला ती दर रविवारी "मजेत" म्हणत होती, आणि तिला वाटत होतं की ती खरं सांगतेय.

"तू मला सांगायला हवं होतंस," ती म्हणाली.

"हवं होतं."

"पुढच्या वेळी दार वाजवायचं आणि तोंडावर सांगायचं, थेल्मा, तुझं चुकलं. सगळ्यांना सांग हे."

डेस्मंडने मान हलवली. "ते मला नाही जमायचं. सेंट किट्स बेटावरून इथे आलो तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, तोंडाचा फाटका. जे दिसेल ते बोलायचो, आई थोबाडीत द्यायची. बासष्ट वर्षांत या देशाने बिघडवला मला. तू दुसरं काहीही सांग. तुझा डबा मी जन्मभर काढेन. पण दार वाजवून तसं म्हणायचं, छे."

"भित्रा आहेस."

"आहेच."

ती घरात गेली. बुधवारी सकाळी आठला आईचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं असणार, अशा आवाजात ॲलिसनने तो उचलला. "आई? सगळं ठीक ना?"

जिभेवर "मजेत" आलंच होतं. आयुष्यभराची सवय, ते न विचारता येतं. तिने ते गिळलं. "नाही," ती म्हणाली. "तीन नोंदी आहेत. पंधरा मे, चोवीस जुलै, अठरा सप्टेंबर. तिन्ही वेळा मी चुकीच्या रंगाचा डबा बाहेर ठेवला. दोन वेळा मला कळलंसुद्धा नाही. मी पालिकेशी भांडले. तुला सांगायचं कबूल केलं होतं म्हणून सांगतेय."

पलीकडून कसलातरी बारीक खरखरता आवाज आला.

"रडतेस की काय, ॲली?"

"नाही. लिहून घेतेय." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "पंधरा मे, नंतर?"

"चोवीस जुलै."

"आई, डबाच तर आहे. माझे डबे तर मला कधीच..."

"तू नको सुरू करूस," थेल्मा म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "सगळा रस्ता तेच करतोय. तू माझी मुलगी आहेस, तू तरी खरा आकडा सांग."

ॲलिसनने श्वास घेतला. "ऑगस्टमध्ये तू मला एकाच रविवारी दोनदा फोन केलास," ती म्हणाली. "दोन्ही वेळा त्या टक्कल पडलेल्या माणसाची गोष्ट सांगितलीस. मी दोन्ही वेळा हसले."

"कुठला रविवार?"

"अकरा ऑगस्ट."

थेल्माने कॅलेंडरचं पान मागे उलटलं आणि त्या चौकोनात लिहिलं. लिहिताना हात थरथरला नाही, हे तिने टिपून ठेवलं. "बरं," ती म्हणाली. "आधी डॉक्टर. तू येऊन बरोबर चल, म्हणजे मी तिथे बसून शहाणपणा करणार नाही. मग तुझी ती सदनिका. मी बघायला येईन. राहायला येईन असं म्हटलेलं नाही."

"चालेल."

"आणि आता ठेवते. मला बाहेर जायचंय."

डेस्मंडने गाडी आणली होती, मागचं दार वर उघडून तो कर्स्टीचे पुठ्ठे पायाने चेपत होता. थेल्मा येऊन पुढच्या आसनावर बसली. तो म्हणाला, तू कशाला येतेस, तिथे घाण असते. ती म्हणाली, चूक माझी आहे तर उचलायला मी येणार, आणि तू जुलैत तीन फेऱ्या केल्यास त्यातली निदान एक मला परत करायची आहे. नऊ नंबरच्या म्हाताऱ्याने दोन पिशव्या आणून दिल्या आणि हवेबद्दल काहीतरी बोलून गेला. गाडी मागे गच्च भरली. उरलेलं एक खोकं घेऊन कर्स्टी खिडकीपाशी आली, आणि ठेवायला कुठे जागा नाही हे बघून तिने ते थेल्माच्या मांडीवर ठेवलं.

"सॉरी," ती म्हणाली.

"सॉरी म्हणू नकोस," थेल्मा म्हणाली. "मला सांग."

कर्स्टीने डेस्मंडकडे बघितलं. तो आरशात काहीतरी शोधत होता. तिने रस्त्याच्या उताराकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे. तिचे कान आधी लाल झाले, मग मान.

"पुढच्या बुधवारी काळा, मिसेस हार्ग्रीव्ह," ती मोठ्याने म्हणाली, इतक्या मोठ्याने की समोरच्या दोन घरांचे पडदे हलले. "आज तुमचं चुकलं."

"थँक यू, कर्स्टी," थेल्मा म्हणाली, आणि खोकं नीट धरून बसली.